बॅटरीचा आळ

आमची सून सावंगीला कॉलेजात शिकवते. संध्याकाळी घरी आली की दुसऱ्या दिवसाची तयारी लॅपटॉपवर करायची, बॅटरी पूर्ण भरून घ्यायची आणि झाकण मिटून तो समोरच्या खोलीतल्या टीपॉयवर ठेवायचा, ही तिची रीत. गेल्या हिवाळ्यात मात्र भलतंच सुरू झालं. रात्री भरलेली बॅटरी सकाळी वर्गात पोचेपर्यंत निम्म्यावर आलेली असे. एकदा तर शिकवता शिकवता पडदा काळा झाला आणि पोरं हसली.

बोरगावातल्या आमच्या घरात माणसं चार. मी, माझी बायको, मुलगा आणि सून. त्यांतला पहाटे उठणारा मी एकटा. कचेरीतली कारकुनी संपून बरीच वर्षं झाली, पण लवकर उठायची सवय काही सुटली नाही. बाकीचे उठेपर्यंत मी चहा करून त्याच टीपॉयशी बसलेलो असतो. त्यामुळे बोट कोणाकडे वळणार, हे ठरलेलंच होतं. मुलानं जेवताना विषय काढला, की बाबा, सकाळी क्रिकेट बघायचं असेल तर बघा, फक्त नंतर चार्जिंगला लावत जा.

मी सांगितलं की मला तो उघडून सुरूसुद्धा करता येत नाही. मुलगा गालात हसला. बायकोनं माझी बाजू घ्यावी की नाही? तर ती म्हणाली, "तुमी काऊन हात लावता तिच्या वस्तूले? टीव्ही हाय ना घरात."

"मी उघडलाच नाई तो," मी म्हणालो.

"मंग झाकणावर शेव कुठून आली?"

शेव माझीच होती, हे खरं. चहाबरोबर चिवडा खाताना सांडली असेल. पण एवढ्या पुराव्यावर मी गुन्हेगार ठरलो. राग असा आला नाही, उलट थोडी गंमतच वाटली. आयुष्यभर ज्या माणसानं यंत्राला लांबूनच नमस्कार केला, त्याच्यावर चोरून लॅपटॉप चालवल्याचा आळ!

त्याच आठवड्यात मी गिरडला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो. अक्काकडे एक मुक्काम झाला. सकाळी आम्ही दोघं टेकडीवर दर्ग्यात गेलो. अक्काचे गुडघे दुखतात, म्हणून थांबत थांबत चढलो. उतरताना सुनेचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

"बाबा, तुम्ही गिरडलाच आहात ना?"

"मग कुठं असणार?"

"बॅटरी आजही उतरली."

मी पायरीवरच बसलो आणि पोट धरून हसलो. अक्काला सगळं सांगितलं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि सुनेला ऐकवलं, "माह्या भावाले आता चहासोबत काहीतरी गोड देत जाजो."

घरी परतलो तेव्हा सुनेनं खरंच शिरा केला होता. मुलगा उगाच वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. शिरा खाताना मी सहज म्हणालो, की लॅपटॉप उघडत नसलो तरी थंडीत त्यावर हात मात्र शेकतो, पहाटे तो छान कोमट असतो. सुनेचा चमचा थांबला.

"कोमट? झाकण मिटलेलं असताना?"

"रोजच असतो."

तिनं लगेच कॉलेजातल्या कॉम्प्युटर विभागाच्या एका सरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, की झाकण मिटल्यावर लॅपटॉप स्लीप मोडमध्ये जातो खरा, पण पूर्ण झोपत नाही. वायफायला चिकटून राहतो, मेल आणतो, अपडेट उतरवून घेतो, आणि त्यात बॅटरी जाते. सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हायला सांगा, म्हणजे तो सगळं जपून ठेवून खरोखर बंद होईल. बायको हे ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या घरी अजून एक जण असाच झोपते. डोळे मिटलेले, अन् कान सगळीकडे." सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो.

सुनेनं सेटिंग बदललं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हात लावून पाहिला तर झाकण थंडगार, आणि सुनेनं उठल्यावर उघडला तर बॅटरी जशीच्या तशी. सून चहाला आली तेव्हा मी म्हणालो, "आळ तर घेऊन झाला. आता निदान शिकव तरी."

तिनं मनावर घेतलं. रविवारी दुपारी ती शेजारी बसायची आणि मी एका बोटानं टायपिंग करायचो. बाण कुठे पळतो ते आधी समजेना. पुढे जमलं. मराठीत टाईप केलेली माझी पहिली ओळ म्हणजे बायकोचं पूर्ण नाव. ते पडद्यावर मोठ्ठं करून तिला दाखवलं, तर ती पदर सारखा करत म्हणाली, "कायच्या काय करता," आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली.

संक्रांतीला मी स्वतः अक्काला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नातीनं फोन धरला होता. अक्का बराच वेळ मला निरखत राहिली.

"तू तं लई म्हातारा दिसून राह्यला रे," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्याहून लहानच आहे. मग तिनं तिळाचा लाडू पडद्याजवळ धरला आणि मी इकडे तोंड उघडलं.