साडभाऊंची हवा

आमचे अकोल्याचे साडभाऊ हवेवर जगतात. असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा हिमालयातला योगी उभा राहतो, म्हणून लगेच सांगतो की साडभाऊ दोन्ही वेळा ठेचा-भाकरीसकट पोटभर जेवतात आणि वर तांब्याभर ताक पितात. त्यांची हवा टायरमधली. अख्ख्या वऱ्हाडात टायरमधल्या हवेची इतकी काळजी वाहणारा दुसरा माणूस असेल तर तो मला अजून भेटायचा आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्यात त्यांची दालमिल आहे. वय साठीच्या पुढं, केस बेताचे, देह ऐसपैस. या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात. साडभाऊंनी पुण्याहून एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. पिवळीजर्द आणि इतकी ठेंगणी की शेजारी म्हैस उभी राहिली तर गाडी दिसेनाशी व्हावी. तिला मागं दोन सीटा आहेत असं कंपनीचं म्हणणं आहे. प्रत्यक्षात तिथं एकच माणूस मावतो, तोही सतरंजीसारखी घडी घालून ठेवला तर.

या गाडीत साडभाऊंचा जीव जडला तो तिच्या वेगावर नव्हे. समोरच्या पडद्यावर चारही चाकांतली हवा सतत दिसते, त्याच्यावर. हवा ठीक असली की आकडे पांढरे, उतरली की लाल, आणि सोबत एक बारीकशी घंटा. संध्याकाळी घरातली मंडळी टीव्हीवर मालिका पाहत असतात तेव्हा साडभाऊ अंगणात, उभ्या गाडीत बसून आपला पडदा पाहत असतात. जेवायला आले की म्हणतात, "मागचा डावा आज जरा नाराज दिसून राह्यला." जणू धाकट्या मुलाचं घरात मन लागत नाही. चाकांच्या चकचकीत रिंगा ते स्वतः पुसतात, आणि त्यासाठी जे मऊ फडकं आहे त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

एकदा ताई, म्हणजे माझी मेहुणी, चिडून म्हणाली, "अजी, चार चाकांचं प्रेशर पाह्यता सकाळ-संध्याकाळ. माह्यं बीपी पाह्यलं काय कधी?" साडभाऊंना ते मनापासून लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बीपीचं यंत्र आणलं आणि ताईला ताकीद दिली, "हे पाह्य, सकाळीच मोजायचं. थंड असतांना. एकदा तू चालली-फिरली का आकडा खोटा येते." ताईनं आठवडाभर अबोला धरला. पण त्या मोजण्यातूनच तिचं बीपी खरोखर वाढलेलं निघालं, औषध सुरू झालं, आणि आता तीच माहेरी सांगते की आमच्या ह्यांचं लक्ष असते बाप्पा.

लग्नकार्यात लोक साडभाऊंना मंडपात शोधतात आणि ते सापडतात पार्किंगमध्ये. खिशात पेनासारखं हवेचं मीटर असतं. पाहुण्यांच्या गाड्यांपाशी वाकून वाकून ते हवा मोजतात आणि मग मालकाला अक्षता टाकता टाकता गाठतात, "भाऊ, तुमच्या समोरच्या उजव्यात हवा कमी हाय. जेवून घ्या, पण असेच जाऊ नका." नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची हवा तर त्यांनी स्वतः भरली आहे, गळ्यात शाल तशीच. हायवेवर कुणी पंक्चर होऊन उभा दिसला की त्यांची पिवळी गाडी थांबलीच. डिकीतून चपातीच्या डब्याएवढा हवेचा पंप काढून ते रस्त्यावर उकिडवे बसतात. त्यामुळं ते कुठंच वेळेवर पोचत नाहीत, आणि ते का उशिरा आले असं आमच्यात कुणी विचारतही नाही. मला विचाराल तर त्यांच्या त्या उशिरा येण्याचा मला मनातून अभिमान वाटायचा.

मागच्या हिवाळ्यात साडभाऊ मिलच्या कामानं अमरावतीला आले होते आणि आम्ही दोघं राजापेठेत सासूबाईंकडं चहा घेत होतो. तेवढ्यात चांदूर बाजारहून फोन आला. सासूबाईंची एकुलती एक धाकटी बहीण, कुसुममावशी, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. आता शुद्ध येत-जात होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. सासूबाईंनी फोन ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मले घेऊन चाला." माझी गाडी घेऊन बायको यवतमाळला गेलेली. साडभाऊ उठले. "आई, माह्या गाडीत बसा लागन."

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणंच, पण त्या उतरल्या. मी मागं घडी होऊन पडलो. वलगाव मागं पडलं, पूर्णेचा पूल गेला, आसेगावहून आम्ही चांदूर बाजारकडं वळलो. रस्त्याचं काम निघालेलं होतं, खडी सांडलेली. समोरून ट्रॅक्टर आला, साडभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि चाक कशावर तरी धाडकन आदळलं. घंटा वाजली. पडद्यावर समोरच्या डाव्या चाकाचा आकडा लाल होऊन घसरायला लागला.

साडभाऊ उतरले, चाकापाशी बसले. बाजूनं चांगलं बोटभर चिरलं होतं. असल्या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चर बुजवायचा चीक आणि पंप, एवढंच. चिरलेल्या टायरपुढं त्या चिकाचं काही चालत नाही. तरी त्यांनी तो भरला, पंप लावला. आकडा चढला, गाडी थोडी गेली, आकडा पुन्हा लाल. पुन्हा पंप. संत्र्यांच्या बागांमधून जाणारा तो रस्ता मोकळा पडलेला. एक काळीपिवळी जीप आली, पण तिची पायरी सासूबाईंच्या गुडघ्याला झेपणारी नव्हती आणि आत माणसावर माणूस. मी म्हणालो, चांदूर बाजारला फोन करू, कुणी तरी गाडी घेऊन येईल.

सासूबाई समोर पाहत म्हणाल्या, "जवाईबापू, तवरिक कुसुम राह्यन काय?"

साडभाऊंनी पंप गुंडाळला, डिकीत ठेवला आणि येऊन बसले. म्हणाले, "आई, आवाज होईन. भेऊ नका."

आणि त्यांनी ती गाडी तशीच हाकली. हळूहळू, पण न थांबता. टायरची आधी फडफड झाली, मग त्याच्या चिंध्या उडाल्या, मग रिंग सडकेवर घासायला लागली. तो आवाज माझ्या दातांत शिरला. मागून मला साडभाऊंची फक्त मान दिसत होती; ती घामानं चिंब झाली होती. पडदा लाल, घंटा थांबायला तयार नाही. ज्या माणसाला परक्याच्या टायरमधली हवा कमी दिसली तरी घास गोड लागत नसे, तो माणूस एकदाही पडद्याकडं न पाहता गाडी चालवत होता. मधूनच सासूबाईंना विचारत होता, "बऱ्या हायेत ना, आई? पाय दुखून तं नाई राह्यला?"

गावात शिरलो तेव्हा लोक दुकानांतून बाहेर आले. आम्ही दोघांनी सासूबाईंना गाडीतून अक्षरशः उपसून काढलं आणि आत नेलं. मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. सासूबाई खाटेवर बसल्या, त्यांनी तिचा हात हातात घेतला. "कुसुमे, मी आली." बऱ्याच वेळानं मावशीनं डोळे उघडले. ओठ हलले. "बाई, इतला वक्त काहून लावला वं?"

सासूबाई रडता रडता हसल्या. "जवायाच्या गाडीत आली ना, म्हणून."

त्या दुपारी दोघी बहिणी तुटक तुटक बोलत राहिल्या. माहेरच्या गाईची, कुणाच्या तरी लग्नात हरवलेल्या पाटल्यांची, बापाच्या रागाची गोष्ट. मी बाहेर आलो तर साडभाऊ पायरीवर बसलेले. समोर गाडी एका कुशीवर कलंडल्यासारखी उभी, रिंगेची पार वाट लागलेली. काही तरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "मोठंच नुकसान झालं."

"कायचं?" ते म्हणाले. मग हातानं मला गप्प केलं. "आयका ना. आई हासून राह्यल्या."

मावशी त्याच आठवड्यात गेल्या. गाडीचं चाक यायला बरेच दिवस लागले. तोवर साडभाऊ एसटीनं अमरावतीला यायचे आणि स्टँडवर उतरल्यावर, सवयीनं, एसटीच्या टायरला लाथ मारून पाहायचे. गाडी दुरुस्त झाल्यावर पहिली फेरी सासूबाईंनी मागून घेतली, आणि मग ती पद्धतच पडली. साडभाऊ आले की सासूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून तयार. गावाबाहेर थोडं जाऊन यायचं, बस. येताना त्या कुसुममावशीबद्दल बोलत आणि साडभाऊ ऐकत, एरवी स्वतःच इतके बोलणारे साडभाऊ.

या उन्हाळ्यात सासूबाईही गेल्या. राजापेठेतल्या घरात आता भाडेकरू राहतात. साडभाऊ अजून येतात, मला गाडीत बसवून एखादी चक्कर मारतात. त्या गल्लीत वळायचं काही कारण नसतं, तरी वळतात. घरासमोर गाडी अगदी हळू होते. दाराशी एखादी अनोळखी बाई तांदूळ निवडत बसलेली असते. ती मान वर करून या पिवळ्या गाडीकडं बघते. साडभाऊ तिला नमस्कार करतात. मग आम्ही पुढं जातो.