तीन माळा आणि एक घमेले

साखळीसारखा लांब रेणू दुसऱ्या साखळीला न जुळता स्वतःचेच टोक धरून कडे कसा बनतो, हा माझा प्रश्न होता. निपाणीतल्या आमच्या शेजारीणबाई बेळगावच्या प्रयोगशाळेत असेच कृत्रिम बहुवारिक, म्हणजे पॉलिमरचे, रेणू बनवतात. चहात साखरही त्या चिमटीचिमटीनेच घालतात.

उत्तरादाखल त्यांनी माझ्या पत्नीच्या, चुंबकाने मिटणाऱ्या तीन माळा उघडून एका छोट्या डब्यात हलवल्या. तिन्ही जुळून एकच लांब माळ झाली.

“अगं, मला लग्नाला जायचंय, बस चुकतीया!” पत्नी ओरडली.

“आक्का, गर्दीत असंच हुतंय. ऐसपैस जागा द्यायची, एकेकच सोडायची.”

मग त्यांनी मोठ्या घमेल्यात एका वेळी एकच माळ सावकाश फिरवली. प्रत्येक माळ स्वतःशीच मिटली. तोवर संकेश्वरची बस गेली होती.

वाचकांनी हे स्वतः पडताळून पाहावे. लग्नाचा दिवस मात्र टाळावा.