अनाथाश्रम नसलेलं गाव

कॅनडात, वॉटर्लूला, माझ्या शेजारच्या घरात एक निवृत्त नर्स राहते. सत्तरी ओलांडलेली, एकटी. हिवाळ्यात मी माझ्याबरोबर तिच्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसते आणि मग ती चहाला बोलावते. अशाच एका सकाळी तिने मलावीतल्या एका गावाबद्दल सांगितलं. आईवडील गमावलेल्या मुलांसाठी गावकऱ्यांनीच तिथे एक प्रकल्प सुरू केला होता, आणि ती दरवर्षी तिथल्या दवाखान्यात मदतीला जायची. मी इतके प्रश्न विचारले की शेवटी ती म्हणाली, "मला विचारत बसण्यापेक्षा तूच चल की."

रजा शिल्लक होती. रिचमंड हिलच्या मैत्रिणींनी मुलांसाठी कपडे आणि खेळणी जमवून दिली. ती एका मोठ्या बॅगेत भरली आणि आम्ही दोघी निघालो.

शेजारीण पोचताच दवाखान्याच्या कामाला लागली. गावात पोचल्यापासून माझी नजर अनाथाश्रम शोधत होती. एक लांबट इमारत, आत ओळीने खाटा, असं काहीतरी मी मनात धरलं होतं. दिसली ती विटांची लहान घरं, एक पिठाची गिरणी आणि भाजीचे हिरवेगार वाफे. प्रकल्प सांभाळणाऱ्या बाई पूर्वी तिथल्याच शाळेत शिकवायच्या.

"मुलं कुठे राहतात?" मी त्यांना विचारलं.

"घरी," त्या म्हणाल्या. "मावशीकडे, आजीकडे, कुणी शेजाऱ्यांकडे."

गिरणी आणि वाफे सगळ्या गावाचे होते. त्यातून जे मिळेल ते मुलांना सांभाळणाऱ्या घरांना जायचं. बाहेरची मदत उद्या थांबली तरी मुलांचं जेवण आणि शाळा थांबू नये, एवढाच त्यामागचा विचार.

मी बॅग उघडली. बाईंनी आतले कपडे हलक्या हाताने चाळले आणि एक शर्ट वर उचलला.

"हे फक्त या मुलांना दिलं, तर उद्या वर्गात नव्या शर्टावरून कळेल, कुणाला आईवडील नाहीत ते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग काय करायचं?"

"खेळणी शाळेत ठेवू, सगळ्यांसाठी. कपडे बाजारात विकू. गिरणीला नवा पट्टा हवाच आहे."

मैत्रिणींनी एकेक कपडा किती हौसेने निवडला होता ते आठवून मला थोडं वाईट वाटलं. पण बाजाराच्या दिवशी मीही बाईंबरोबर चटईवर दुकान मांडून बसले. एका आजोबांनी आइस हॉकीचं चित्र असलेला टी-शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही माणसं झाडू घेऊन कुणाच्या मागे लागलीत?"

बाईंनी त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगितलं. बर्फावर हा खेळ कसा खेळतात ते मी समजावू लागले, तशी भोवती माणसं जमली. पाणी इतकं घट्ट होतं? मग मासे कुठे जातात? खाली पाणी असतंच, मासे तिथे राहतात, हे ऐकून आजोबांचं समाधान झालं. टी-शर्ट त्यांनी नातवासाठी घेतला.

माझा मुक्काम एका मावशीकडे होता. बहिणीच्या दोन मुली ती आपल्या मुलांबरोबर वाढवत होती. मक्याच्या पिठाचं घट्ट न्सिमा रोज व्हायचं. ते पाहून मला आपली ताकातली उकड आठवली, आणि निघायच्या दिवशी मी चूल मागितली. आंबट दूध, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून मक्याच्या पिठाचीच उकड केली. मुली चुलीपाशी बसून पीठ कधी घालायचं, किती ढवळायचं ते बघत होत्या.

मावशीने घास घेतला, चावला, विचार केला. थोरल्या भाचीने तिचं म्हणणं मला सांगितलं, "मावशी म्हणते, न्सिमा बिघडलंय. पण अजून थोडं वाढ."