गाडीला खळ

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सकाळी बाबा आणि मी अंगणात गाडी धूत होतो. बाबा टपावर पाणी ओतत होते, मी दार पुसत होते, तेवढ्यात फाटकापाशी एक उंच, सावळा माणूस येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी, चपला धुळीनं माखलेल्या. उमरेडच्या पहिल्या बसनं आला होता. "मी भागाबाईचा पुतण्या, साहेब," तो म्हणाला. "काकू गेली... बुधवारी. बोलत बसली होती, चहा मांगतला, अन् चहा येईपर्यंत गेली." बाबांनी बादली खाली ठेवली, त्याला ओट्यावर बसायला सांगितलं आणि परत येऊन ओलं राहिलेलं बॉनेट पुसायला लागले. "बाबा, ते बसलेत," मी हळूच म्हटलं. "हो, पण पाणी तसंच वाळू दिलं तर ती काय म्हणेल?" बाबा म्हणाले. मग आम्ही दोघंही हसलो, आणि तो माणूसही हसला. काकू काय म्हणेल हे त्यालाही चांगलं ठाऊक असावं.

भागामावशी नात्यानं आमची कोणी नव्हती. उमरेडच्या विणकराच्या घरची. नवरा गेला, घरातला माग बंद पडला, तेव्हा ती नागपूरला आली आणि धंतोलीत आमच्याकडेच राहून धुणं करायला लागली. बाबा वकील. त्यांच्या कोर्टातल्या कॉलरना ती तांदळाची खळ घालायची, आणि त्या कॉलर अशा ताठ व्हायच्या की बाबांना मान वळवायची तर अख्खं वळावं लागे. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, आणि आमच्या घरातल्या कुणालाही भीत नसे. मी अगदी उलट. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, आणि दोन्हीकडे शक्यतो गप्प. बाबाही तसेच. कोर्टात तासभर बोलणारा हा माणूस घरी आला की वर्तमानपत्रामागे जाई. आमचं दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण ते एकमेकांना सांगायची वेळ कधी आली नव्हती.

साहेब लोक परत निघाले त्या दिवसांत बाबांनी रेल्वेतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून ही गाडी घेतली. बाबांनी आयुष्यात केलेली एवढीच काय ती चैन. आली तेव्हा डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. पण तिला ठेवायला आमच्याकडे छप्पर नव्हतं. नागपूरच्या उन्हात पाच-सहा वर्षं उभी राहिल्यावर तिच्या अंगावर राख फासल्यासारखा पांढुरका थर चढला. उन्हाळ्यात आई तिच्या टपावर चादर पसरून कुरडया वाळवायची आणि म्हणायची, "एवढा तरी उपयोग." एकदा शाळेच्या फाटकाशी उतरले तर वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "तुमच्या गाडीला रोज पावडर कोण लावतं गं?" सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, मला कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी सोडा, मला चालायला आवडतं. बाबा "बरं" म्हणाले. मला वाटलं, त्यांना खरं वाटलं.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात आईशी बोलत होते, ते मी बाहेरून ऐकलं. एक लाकडाचा ठेकेदार दोन आठवड्यांनी रविवारी गाडी न्यायला येणार होता. मागची सीट काढून तो तीत सामान वाहणार होता. आईनं विचारलं, एवढी आवडती गाडी, मग का? बाबा म्हणाले, "पोरीला लाज वाटते तिची. मी गाडी वळवतो ना, तेव्हा आरशात दिसते मला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती पेटीआड उभी असते..." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी हे फक्त भागामावशीला सांगितलं, तेही ती धुणं पिळत असताना, तिच्या पाठीकडे बघून. तिनं पिळा तसाच हातात धरून मागे पाहिलं.

"मंग जाऊन सांग ना बापाले, का नोका देऊ म्हणून."

"मला नाही सांगता येत."

"तुले इंग्रजी येते, मराठी येते. बापासंग बोलाले आणखी कोणती भाषा पाहिजे वं?" मग माझं तोंड पाहून ती जरा मवाळ झाली. "जाऊ दे. चमकच गेली ना तिची? सुताचीबी जाते. आणता येते."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. बाबा छत्री घेऊन पायीच कोर्टात गेले, आणि मावशीनं पातेलंभर तांदूळ शिजवून त्याची खळ केली. विणकर ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावतात, मग सूत मजबूतही होतं आणि चकाकतंही. मावशीच्या लेखी जगातल्या कुठल्याही निस्तेज वस्तूला हाच उपाय होता. माहेराहून आणलेला, सुताला खळ लावायचा कुंचा घेऊन भर दुपारी तिनं बॉनेटपासून मागच्या दिव्यांपर्यंत अख्ख्या गाडीला खळ लावली, एकाच दिशेनं, एकही जागा न सोडता. मी बादली धरून मागे मागे. संध्याकाळपर्यंत गाडी पापडासारखी कडक आणि पांढरीफटक झाली होती. टपावर चिमण्या टोचत होत्या, आणि चारही चाकांवरून मुंग्यांच्या रांगा वर चढत होत्या.

बाबा आले, छत्री मिटली आणि तिच्या टोकानं बॉनेट हळूच ठोकून पाहिलं. "भागाबाई," ते म्हणाले, "ही गाडी आहे. माझी कॉलर नाही."

"कॉलर तरी रोज धुवाले टाकता तुम्ही, साहेब. हिच्याकडे कधी पाह्यलं?"

बाबा आत गेले. आम्ही दोघी ओल्या फडक्यांनी खळ काढायला बसलो. वाळलेली खळ भुकटी होऊन सुटत होती, आणि एका ठिकाणी मावशीनं जोर लावला तिथं तळहाताएवढं डाळिंब उघडं पडलं. मी आनंदानं ओरडले. पण मावशीची नजर फडक्यावर होती. फडकं लाल झालं होतं. तिचा चेहरा उतरला. विणकराच्या घरात कापडानं रंग सोडला की संपलं, सगळा ताणा वाया. "कच्चा रंग हाय वं," ती म्हणाली. "मी पुसून टाकला साहेबाचा रंग." त्या रात्री ती न जेवता निजली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या बाजूनं जायचं टाळून मागच्या दारानं ये-जा करायला लागली. भागामावशी गप्प, हे आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. आई तर तिचं कपाळ चाचपून आली.

मला तिला तसं बघवेना. शाळा सुटल्यावर मी तिला ओढतच सीताबर्डीला नेलं. तिथं मोटारी रंगवणारे एक म्हातारे मिस्त्री होते. दुकानात चार-पाच माणसं बसलेली. मावशी पायरीवरच थांबली, म्हणून मलाच आत जाऊन बोलावं लागलं. खळीचं ऐकून सगळं दुकान हसलं. मिस्त्री मात्र फडकं उजेडात धरून म्हणाले, "हा तर मेलेला रंग आहे, पोरी. उन्हानं जळलेला. तो निघालाच पाहिजे, जिता रंग त्याच्या खाली आहे. फक्त कडेला जोर लावू नका, तिथं पत्रा उघडा पडेल." त्यांनी रंग घासायच्या मलमाचा एक डबा दिला. वर इंग्रजीत काय काय छापलं होतं, ते इतक्या वर्षांत त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी वाचलं, मराठीत सांगितलं. थोडाच भाग एका वेळी घ्यावा. तापलेल्या पत्र्याला लावू नये. फडकं गोल फिरवू नये, सरळ रेषेत न्यावं.

"सरळ रेषेत!" मावशी पायरीवरून गरजली. "मी काय करून राहिली होती मंग? अन् तापलेल्या पत्र्याचं पह्यले सांगाले काय झालं होतं त्या डब्याले?"

परतताना ती पुन्हा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होती.

मग आमचं रोजचं काम सुरू झालं. सकाळी ऊन चढायच्या आत एक तास, संध्याकाळी एक तास. नवं फडकं खरखरतं म्हणून मावशीनं आपलं जुनं लुगडं फाडलं. तिनंच विणलेलं, बारा वर्षं नेसून सायीसारखं मऊ झालेलं. मी हळहळले तर म्हणाली, "नेसून झालं ना माह्यं. आता हिले नेसवू." मलम लावायचं, सरळ घासायचं, लाल झालेली घडी उलटायची, पुन्हा घासायचं. एक हात जागा झाली की ती बोटांची पालथी बाजू त्यावरून फिरवायची. तळहाताला घट्टे पडलेत, त्याला काही समजत नाही, असं तिचं म्हणणं. "इथं राह्यलं थोडं," असं ती म्हणाली की तिथं खरंच राहिलेलं असे, मला कितीही नीट दिसत असलं तरी. माझीही बोटं हळूहळू शिकली.

बाबा रोज गाडीजवळून नुसते जात-येत होते. शुक्रवारी सकाळी पाहतो तर डावं मडगार्ड, ज्याला आम्ही हातही लावला नव्हता, घासलेलं. पण सगळीकडे गोल गोल ओरखडे. मावशीनं कमरेवर हात ठेवून अंगणभर ऐकू जाईल असं विचारलं, "हे कोनं गोल फिरवलं गा?" ओट्यावर वर्तमानपत्र उघडलेलं होतं. त्याच्या कडेला धरलेली बोटं लाल होती. वर्तमानपत्र जरासं हललं, पण खाली आलं नाही. मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता समजलं, तू कोनावर गेली ते."

रविवारी ठेकेदार आला. गाडी फाटकातून दिसताच तो थबकला. भोवती एक फेरी मारली, दारात वाकून आपला चेहरा पाहिला आणि खिशातून कंगवा काढून तिथंच भांग पाडला. "वकीलसाहेब, सीट काढाची तर बातच सोडा," तो म्हणाला. "पोराची वरात काढतो मी हिच्यात! किल्ली द्या." म्हणजे आम्ही आठ दिवस घासून गाडी त्याच्याचसाठी सजवली होती. बाबांनी खिशात हात घातला. किल्ली काढली. पण पुढे केली नाही, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला कळलं की हा माणूसही विचारू शकत नाही, तो फक्त थांबू शकतो. मावशीनं मागून मला कोपरानं ढोसलं, चांगलंच जोरात.

"बाबा," मी म्हटलं, "उद्या मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडाल?"

आवाज फाटला होता, ठेकेदारानं चमकून पाहिलं, पण बोलून झालं होतं. बाबांनी किल्ली पुन्हा खिशात टाकली. "माफ करा," ते ठेकेदाराला कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "उद्या गाडीला काम आहे."

दुसऱ्या दिवशी भागामावशी मागच्या सीटवर लुगड्याचा तुकडा घेऊन बसली. पोस्टाची पेटी मागे गेली तेव्हा बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. फाटकापाशी मावशी माझ्या आधी उतरली, रस्त्यात बसलेली धूळ दारावरून पुसली आणि मगच मला उतरू दिलं. पावडरवाल्या मुलीनं विचारलं, ही कोण? "माझी मावशी," मी म्हटलं. हे वाक्य म्हणायला मला मुळीच जड गेलं नाही.

पुढे पुतण्यानं उमरेडला पुन्हा माग लावला, तेव्हा ती आनंदानं परत गेली. जाण्याआधी डावं मडगार्ड नीट करून घेऊ, असं मी म्हटलं तर तिनं साफ नाही म्हटलं. "राहू दे ते. साहेबाचा हात हाय तो." वर्षातून एक-दोनदा बसनं यायची. आम्ही पाया पडायला वाकलो की "अवं राहू दे" म्हणत आधी गाडीकडे जायची, बोटं पालथी करून बॉनेटवरून न्यायची, आणि मग चहा मागायची.

त्या रविवारी पुतण्याचाही चहा झाला. त्यानं पिशवीतून उमरेडच्या मागावरचं एक धोतर काढून बाबांना दिलं, काकूनंच बाजूला ठेवलेलं. निघताना तो गाडीपाशी थांबला. यापूर्वी त्यानं ती कधी पाहिली नव्हती. "हेच काय ते, खळवाली गाडी?" तो हसून म्हणाला. मग त्यानं उजवा हात पुढे केला, बोटं पालथी केली आणि बॉनेटवरून सावकाश नेली. मधेच थांबला. संकोचून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, रागावू नोका... पन इथं राह्यलं थोडं."

मी बोटं फिरवून पाहिली. राहिलं होतं. ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेला मावशीच्या लुगड्याचा तुकडा काढला, लाल नसलेली घडी शोधली, आणि सरळ रेषेत पुसायला लागले.