थंडीत बसलेली बॅटरी

आम्हा खान्देशातल्या माणसांना वैरी एकच माहीत, ऊन. माझी इलेक्ट्रिक स्कूटर ऐन उन्हाळ्यात घेतलेली. तिची बॅटरी काढून मी मागच्या पडवीत, पाण्याच्या माठाशेजारी गार फरशीवर ठेवायची आणि तिथेच चार्जिंगला लावायची. बठ्ठी, म्हणजे सगळी गल्ली असंच करायची. थंडी पडली तरी बॅटरी तिथेच!

जानेवारीत एका सकाळी धुळ्याला ड्यूटीला निघाले. मी दवाखान्यात नर्स आहे. सकाळच्या पाळीला पोहोचवेल अशी एसटी आमच्या गावातून नाही. निघताना बॅटरी भरलेली दिसत होती. अर्ध्या वाटेत आकडा भराभर उतरला आणि गाडी बसली. ढकलत घरी आले. माझे सासरे, नाना, ओट्यापुढे शेकोटी करून बसलेले.

"हाई गाडी काय कामनी शे? इकी टाक," ते म्हणाले. "आन नोकरीबी ऱ्हाऊ दे."

दुपारपर्यंत त्यांनी गिऱ्हाईकही ठरवलं. रविवारी सकाळी यायचं होतं.

माझं डोकंच फिरलं. गाडी गेली की नोकरी गेली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तणतणत पडवीत गेले, तर कोनाड्यातलं खोबरेल तेल गोठून दगड झालेलं. अगं बाई! आणि त्याच गारठ्यात माझी बॅटरी? शोरूमला फोन लावला.

"ताई, बॅटरीच्या आत एक द्रव असतो," तिथली मुलगी म्हणाली. "गारठ्यात तो घट्टसर होतो, मग वीज रखडते. बॅटरी मेलेली नाही. घरात ठेवा, गारठा उतरल्यावरच चार्ज करा. चुलीजवळ मात्र नको."

त्या दिवसापासून बॅटरी माझ्या खोलीत, लाकडी पाटावर.

"आते तिले गोधडीबी दे," नाना हसले.

हसा म्हटलं, खुशाल हसा. मी रोज धुळ्याला जाऊन परत येत होते. गाडी उन्हाळ्याइतकी लांब पळत नव्हती, पण दवाखाना गाठत होती. नानांनी मात्र गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलं नाही.

रविवारी उजाडताच ते गिऱ्हाईक ओट्यावर येऊन बसलं. मी गणवेशात, हेल्मेट हातात.

"दे किल्ली, चालवी पाहू दे त्याले," नाना म्हणाले.

"नाना, गाडी माझ्या नावावर आहे. मी विकत नाही, आणि नोकरीही सोडत नाही."

त्या माणसाने चुळबुळ करत चपला शोधायला सुरुवात केली. मी गाडी चालू केली.

"बसा भाऊ, चहा घेऊन जा. आज नाना करतील, मला ड्यूटी आहे."