इर्माचं जर्मन पत्र

आयर्लंडमधल्या एनिसला मुलाकडे, अभिजितकडे येऊन चार वर्षं झाली, पण पूर्णिमाबाईंना घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पुण्यात तीस वर्षं कॉलेजातल्या पोरांना जर्मन शिकवलेली बाई, ती कशाला भिते! आज मात्र शेजारच्या इर्माला आलेलं पत्र वाचता वाचता त्या घाबरल्या.

इर्मा नव्वदीची. लहानपणी नाझींच्या छळछावणीतून वाचलेली. जर्मन वाचणं तिनं केव्हाच टाकलं होतं. दर रविवारी दोघी टीव्हीवर एक मालिका बघायच्या. छावणीतून सुटलेली माणसं, ताटातूट झालेलं प्रेम, म्हातारपणी कोर्टात खेचलेला पहारेकरी, असलं सगळं. ती बघता बघता इर्मानं हिय्या केला. अठराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न ठरलं आणि मोडलं, तो एमिल कुठे आहे, म्हणून जर्मनीतल्या एका संस्थेला विचारलं. त्याचं हे उत्तर.

एमिलनं इर्मा होती त्याच छावणीतल्या पहारेकऱ्याविरुद्ध साक्ष दिली होती. शिक्षाही झाली होती. आणि मार्चमध्ये एमिल गेला होता.

इर्मा बाईंच्या तोंडाकडे बघत होती. तिचं हृदय तोळामासा, डॉक्टरांनी बजावलेलं. बाईंनी आपल्याकडे करतात तेच केलं. माणूस गेला असं आपण एकदम कधी सांगतो? आधी 'सीरियस आहे, निघून या' एवढाच निरोप.

"एमिलची तब्येत बरी नाही," त्या म्हणाल्या. "सीरियस आहे."

झालं! इर्मा उठली, कोट चढवला, कपाटातून पासपोर्ट काढला. "तुझ्या अभिजितला म्हणावं, मला शॅननच्या विमानतळावर सोड," ती म्हणाली. बाईंपुढे पेच पडला. खरं सांगावं तर ही इथेच कोसळायची, न सांगावं तर परक्या गावात, थडग्यापाशी, एकटी. अभिजित कामावर आहे, उद्या बघू, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या.

बटणं लावता लावता इर्मा थांबली.

"आई आजारी आहे, दवाखान्यात नेलंय. मला छावणीत असंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पूर्णिमा, लिहिलंय तसं वाच."

"तुम्हाला सोसायचं नाही."

"ते मी बघेन. जर्मनमध्येच वाच."

बाईंनी तिला बसवलं, नाडी लागेल असा हात धरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मार्चच्या ओळीवर बोटांखालचा एक ठोका चुकला. बाई थांबल्या. मान वर करायचा धीर होईना.

"पुढे," इर्मा म्हणाली.