व्हॉल्व्ह उघडला तेव्हा

"होल्ड! श्रीधर, होल्ड!" मी वॉकी-टॉकीत ओरडलो.

कंट्रोल रूममधून श्रीधरचा आवाज आला, "ओके साहेब, ओपन."

मी पंप हाउसच्या छतावर उभा होतो. समोरच्या पडीक जागेत त्या वेळी चिटपाखरूही असता कामा नये. आणि तिथून एक म्हातारी शेळ्या हाकत चालली होती.

आधी काय चाललं होतं ते सांगतो. महाळुंग्याच्या पुढे आम्ही कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्लांट उभारत होतो. शहराचा कचरा जाळायचा, त्या उष्णतेवर बॉयलरमध्ये वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं. मी तिथला कन्स्ट्रक्शन मॅनेजर. टर्बाइन जोडण्याआधी स्टीम ब्लोइंग करावंच लागतं. नव्या पाइपांत वेल्डिंगचे थेंब, गंजाचे पापुद्रे, क्वचित एखादा नट राहिलेला असतो. तो टर्बाइनमध्ये गेला की पाती संपली. म्हणून आधी प्रेशरची वाफ पाइपांतून उघड्यावर सोडतात. आत जे काही असेल ते वाफेबरोबर बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर येतं.

पाइपचं तोंड आम्ही मागच्या पडीक जागेकडे काढलं होतं. पट्ट्या बांधल्या होत्या, दोन्ही गेटवर गार्ड होते, गावात रिक्षा फिरवून स्पीकरवरून सांगितलं होतं. मागे ओढ्याच्या बाजूला भिंत अजून व्हायची होती, नुसती तार होती. म्हातारी तिथून आली.

"ओपन नाही! होल्ड!" मी पुन्हा ओरडलो. बॉयलरच्या घरघरीत श्रीधरला आधीचं 'होल्ड'च 'ओपन' वाटलं होतं, आणि आता यातलंही फक्त 'ओपन' ऐकू गेलं.

आधी फुस्स झालं. मग तो आवाज सुटला. तो कानात नाही, छातीत शिरतो. छताचे पत्रे थरथरायला लागले. समोर वाफेची पांढरी भिंत उभी राहिली आणि म्हातारी तिच्यात गेली.

व्हॉल्व्ह एकदा उघडला की लगेच बंद होत नाही. धावलो असतो तर मीही त्याच वाफेत सापडलो असतो. वाफेने भाजलेला माणूस मी एकदा पाहिलाय. तोच डोळ्यांपुढे येत होता. मी "आई, आई" म्हणत होतो म्हणे. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

आवाज थांबला. मी शिडी उतरलो. वाफ अजून विरली नव्हती. जमीन ओली आणि गरम. धुक्यातून एक शेळी माझ्या अंगावर आली आणि पळून गेली. पुढे एक चप्पल पडलेली दिसली.

"मावशी! ओ मावशी!"

मला पुढे जायचं नव्हतं. खरंच सांगतो, काय दिसेल या भीतीने मी त्या चपलेपाशी थांबलो होतो. मग गेलो.

केबलसाठी खणलेल्या चरात ती पडली होती. पोटाशी करडू घट्ट धरलेलं. डोळे उघडे, पण हालचाल नाही. मी चरात उतरून तिच्या खांद्याला हात लावला, तशी ती दचकली.

"कान गेलं रं बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "काय फुटलं? कंपनी उडाली व्हय?"

मी खालीच बसलो. रडायला येत होतं.

करडू चरात पडलं म्हणून ती त्याला काढायला उतरली होती. वाफ डोक्यावरून गेली.

अनसाबाई तिचं नाव. चाकणच्या दवाखान्यात नेताना मी खुणा करून विचारलं, रिक्षावाल्याने सांगितलं ते ऐकलं नव्हतं का?

"ऐकलं की. कंपनीत जाऊ नगा म्हनला. मी कुटं कंपनीत आले? मी वड्याला चालले हुते. आमची वाट हाय ती."

दवाखान्याच्या दारातच प्रोजेक्ट हेड मेहता सरांचा फोन आला.

"गायकवाड, टार्गेट प्लेट कशी आली?"

पाइपच्या तोंडासमोर आम्ही गुळगुळीत घासलेली एक पट्टी लावतो. तिच्यावर उठलेले खड्डे बघून आत किती घाण आहे ते कळतं. निघताना मी ती पाहिली होती.

"सर, बोटाचं टोक जाईल एवढा खड्डा आहे. आणि समोर बाई होती."

"लागलं?"

"चरात होती म्हणून वाचली."

"मग दुसरा ब्लो दुपारी घ्या."

"नाही सर. ओढ्याची बाजू बंद होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडणार नाही."

"डिले तुमच्या नावावर जाईल."

"जाऊ दे."

गेला. मागची भिंत झाली, गावासाठी बाहेरून वाट काढली, मग बाकीचे ब्लो झाले. आज प्लांट चालू आहे. अनसाबाईला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, ते तसंच राहिलं.

माझ्या साइटवर आता वॉकी-टॉकीवर 'होल्ड' म्हणत नाहीत. 'थांबा' म्हणतात, तेही तीनदा. आणि नव्या जागेवर गेलो की आधी गावातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन सगळी हद्द पायी फिरतो. ड्रॉइंगमध्ये पायवाटा काढलेल्या नसतात. त्या विचाराव्या लागतात.